अंकांशी खेळणारे गुरुजी : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

गणिताचा तास म्हटला की पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. शहरातील पालकांना हा अनुभव आहे, तसाच तो औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावातील पालकांनाही आहे. ही भीती घालविण्यासाठी आज बाजारात रंगीत खेळणी मिळतात, मोबाईलवर खेळ मिळतात, शिकवणीवर्गांची तर गणतीच नाही. परंतु महाराष्ट्रातील एका साध्या शाळाशिक्षकाने सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी असे काही अंकांचे खेळ शोधून ठेवले आहेत की त्यांना वही आणि पेन्सिल यांखेरीज कशाचीही गरज लागत नाही. त्या शिक्षकाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जगभरच्या गणितप्रेमींना हे नाव परिचित आहे. आपल्याकडील घराघरांत मात्र ते तितकेसे पोहोचलेले नाही. म्हणून त्यांच्या जीवनाची आणि त्यांच्या खेळांची ओळख आमच्या वाचकांना करून देत आहोत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या वेळी हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. वडील कारकून होते. घरची स्थिती बेताचीच. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडिलांना ज्योतिषाची आवड होती आणि त्यासाठी लागणारी आकडेमोड ते मुलाकडून करून घेत. त्या आकडेमोडीने मुलाला अंकांशी सलगी करण्याची सवय लावली. पुढे ठाण्याच्या शाळेत शिकत असताना कोडी सोडविण्यात आणि हिशेबाच्या आडवाटा शोधण्यात ते तासन् तास रमून जात. पाठ्यपुस्तकातील उदाहरण सुटले म्हणजे काम संपले असे त्यांना कधी वाटले नाही. उत्तर हाती आल्यावर त्याच आकड्यांशी आणखी काय करता येईल, हे ते पाहत राहत.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम येण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जात असे. १९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. एम.एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही, विद्यापीठातील जागा नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकविले आणि त्याच गावी उर्वरित आयुष्यही घालविले.

त्यांच्या राहणीबद्दल जे सांगितले जाते ते मोजकेच आहे. सायकलवरून ठिकठिकाणी जाऊन ते विद्यार्थ्यांना आपल्या वेगळ्या पद्धतीने शिकवीत आणि नदीकाठी बसून आकड्यांचे विचार करीत. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानासाठी बोलावणे येई. गणिताच्या परिषदांना ते पदरमोड करून जात आणि आपल्या शोधांच्या लहान पुस्तिका पुष्कळदा स्वखर्चाने छापून घेत. परिषदेतील विद्वानांपैकी अनेकांना मात्र हा सारा पोरखेळ वाटे. अंकांची उलटापालट करणे म्हणजे काही उच्च गणित नव्हे, असे त्यांचे मत होते. ते अगदीच चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. कापरेकरांच्या शोधांतून गणिताची एखादी भव्य इमारत उभी राहिली नाही. पण ज्या कारणासाठी विद्वानांनी ते बाजूला सारले, नेमक्या त्याच कारणासाठी ते चौथी-पाचवीच्या वर्गात चालतात : त्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काहीही लागत नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ चा आहे. तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्याच वर्षी अमेरिकेतील एका गणितविषयक नियतकालिकात त्यांचा छोटा लेख आला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी या शोधाला एकट्याने खेळायचा खेळ असे संबोधिले होते. खेळ असा आहे : चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करावे. असे करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी ती हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

उदाहरणासाठी एक वर्ष घेऊ. किल्लारी आणि परिसरातील मुलांना १९९३ हे वर्ष पाठ करावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील हजारो माणसे हिरावून नेली, हे ती मुले आजी-आजोबांकडून ऐकतच मोठी होतात. १९९३ चे अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडले तर ९९३१ होतात; लहानापासून मोठ्याकडे मांडले तर १३९९. वजाबाकी ८५३२. आता ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. दोनच पायऱ्यांत मुक्काम आला. आकड्यांना त्या पहाटेच्या दुःखाशी काही देणेघेणे नाही आणि यातून कोणी शकुन-अपशकुनही काढू नये. परंतु मुलाच्या मनात घर करून असलेली संख्या खेळायला घेतली की त्याचा हात वहीवर लवकर चालू लागतो, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल.

आता या खेळात मुलाकडून नेमके काय होते ते पाहू. प्रत्येक पायरीला चार अंकी वजाबाकी येते आणि तीही बहुधा हातच्याची. एरवी शिक्षकाने फळ्यावर अशी सात उदाहरणे लिहिली तर वर्गातून सुस्कारे ऐकू येतात. येथे तेच मूल सात वजाबाक्या आपणहून करते, कारण त्याला ६१७४ येते की नाही हे पाहायचे असते. मोठ्यात मोठी संख्या तयार करताना कोणता अंक हजारच्या घरात बसवायचा याचा विचार त्याला करावाच लागतो, आणि शून्य आले तर ते टाकून न देता जागेवर ठेवायचे हेही त्याला कळते. २१११ ही संख्या घेऊन पाहावी. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ येतात. ते ०९९९ असे लिहिले तरच पुढची संख्या ९९९० होते आणि खेळ पुढे सरकतो. शून्य विसरले तर खेळ तेथेच अडतो. एककाच्या घरापासून हजाराच्या घरापर्यंत प्रत्येक स्थानाला स्वतःची किंमत असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन-तीन पाने घेते. येथे ती एका शून्याने समजते.

या खेळाचा आणखी एक गुण आहे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. मूल चुकले तर चूक त्याची त्यालाच सापडू शकते. येणाऱ्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नेहमी ९ च्या पाढ्यातील असते. ८५३२ ची बेरीज १८, ६१७४ ची बेरीजही १८. कोणी गडबडीत ८४३२ लिहिले असेल तर बेरीज १७ येईल आणि कोठेतरी हातचा चुकला हे लगेच ध्यानात येईल. असे का होते हे सहावी-सातवीच्या मुलांना सांगता येते. ७ हा अंक हजारच्या घरात असला तर त्याची किंमत ७००० आणि एककाच्या घरात असला तर ७. फरक ६९९३, म्हणजे ७ गुणिले ९९९. अंक कोणत्याही घरातून कोणत्याही घरात हलविला तरी फरक ९, ९०, ९९, ९००, ९९० किंवा ९९९ यांच्याच पटीत पडतो, आणि या साऱ्या संख्यांना ९ ने भाग जातो. म्हणून तेच अंक असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी ९ च्या पटीतच येणार. (उत्तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर ही खूण फसते, हेही मुलांना सांगून ठेवावे.)

शाळेतील बहुतेक खेळांत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. गणिताच्या खेळात हे विशेष घातक ठरते, कारण जो आधीच मागे आहे तोच पुन्हा हरतो आणि खेळाच्या नावाखाली त्याची भीती वाढते. कापरेकरांच्या खेळात हरणे नाही. संथ हिशेब करणारे मूलही ६१७४ पर्यंत पोहोचतेच. कोणाला दोन पायऱ्या लागल्या आणि कोणाला सात, हा हुशारीचा प्रश्न नसून सुरुवातीला घेतलेल्या संख्येचा आहे. आणि ज्याच्या वाट्याला सात पायऱ्या आल्या, त्याचीच वही मित्र कौतुकाने पाहतात! म्हणून हा खेळ घड्याळ लावून खेळू नये, असे आमचे मत आहे. शर्यत सुरू झाली की त्यातील सगळी गंमत जाते आणि उरते ती केवळ परीक्षा.

लहान इयत्तांसाठी तीन अंकी खेळ आहे. तेथे मुक्काम ४९५ हा असतो. ३५२ घेतल्यास ५३२ वजा २३५ म्हणजे २९७; पुढे ६९३, मग ५९४ आणि शेवटी ४९५. या सर्व उत्तरांत मधला अंक ९ च असतो आणि दोन बाजूंच्या अंकांची बेरीजही ९ च होते. हे मुलांना आधी सांगू नये. ती स्वतःच ओरडून सांगतील. दोन अंकी संख्या घेतल्यास मुक्काम सापडतच नाही : ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१ असा फेरा सुरू होतो. ज्या बालकांना अजून वजाबाकीच येत नाही त्यांच्यासाठी हे खेळ नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी चिंचोके मोजावेत, सागरगोटे खेळावेत, दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्यात आणि सोडाव्यात. जुडी सोडून एक काडी काढणे ज्याला हाताने जमले त्यालाच हातचा म्हणजे काय ते उमजते. त्यानंतर कापरेकर गुरुजींच्या वर्गात यावे.

गुरुजींची पोतडी ६१७४ वर संपत नाही. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळविले की पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ हीदेखील त्यांपैकीच एक : तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा जिना चढून उतरणाऱ्या संख्यांचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांना त्यांनी डेम्लो संख्या असे नाव दिले. ही कल्पना मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्यावरून ते नाव आले असे सांगतात. कोपर्निकस यांच्या नावाने त्यांनी जादूचे चौरसही रचले. (पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारे कोपर्निकस हे कॅथेड्रलचे कॅनन होते, हे आमच्या वाचकांना सांगायला हरकत नाही.)

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १२ ला ३ ने भाग जातो म्हणून १२ हर्षद. नाव अगदी साजेसे आहे. भागाकार निःशेष सुटला की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला दुसरा शब्द नाही. स्वतः ६१७४ ही संख्याही हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३ मिळतात. घरातील प्रत्येकाचे जन्मवर्ष हर्षद आहे की नाही हे पाहण्यात एक संध्याकाळ सहज जाते, आणि तेवढ्यात पाच-सहा भागाकार होऊन जातात.

वर्गात सगळ्यांनी मिळून खेळण्यासाठी मात्र आम्हाला स्वयंभू संख्यांचा खेळ अधिक आवडतो. कापरेकरांनी त्यांच्यावर १९६३ मध्ये देवळालीहून पुस्तिका काढली. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. जी संख्या येईल ती पहिलीची लेक. १५ मध्ये १ अधिक ५, म्हणजे ६, मिळविले की २१. म्हणून १५ ही २१ ची आई. १९७३ मध्ये २० मिळविले की १९९३. पण काही संख्यांना आईच सापडत नाही. २० घेऊन कितीही शोधावे, अशी संख्या मिळत नाही. त्या स्वयंभू. फळ्यावर १ ते १०० लिहून प्रत्येक मुलाला काही संख्या वाटून द्याव्यात. ज्या संख्येला आई सापडेल ती खोडावी. सर्वांचे काम बरोबर झाले तर शेवटी तेराच संख्या उरतात : १, ३, ५, ७, ९ आणि त्यानंतर २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. वीसपासून पुढे अकरा-अकराचे टप्पे पडलेले दिसले की वर्गात कुजबुज सुरू होते. हे टप्पे नेहमीच असेच पडतात का, हा प्रश्न एखादे मूल विचारते, आणि तेथून खरे गणित सुरू होते.

आपल्या देशात उपेक्षा आणि परदेशात गौरव, ही कथा आपल्याकडे नवी नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिले. ते सदर जगभर वाचले जात असे. देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव त्यामुळे एकाएकी देशोदेशी पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

मधली वर्षे सुखाची गेली नव्हती. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि त्यानंतर निवृत्तिवेतनात भागेनासे झाले. उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन गुजराण करावी लागली. ज्यांच्या नावाने एक स्थिरांक ओळखला जातो, त्या माणसाला महिन्याचा खर्च भागविण्यासाठी विद्यार्थी शोधावे लागले, हे वाचताना मन खिन्न होते. तरीही त्यांचे लिहिणे थांबले नाही. पुस्तिका निघत राहिल्या, पत्रव्यवहार होत राहिला, नवनव्या संख्या सापडत राहिल्या. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मवर्षापासून, १९०५ पासून, मुलांना खेळ सुरू करून द्यावा. ते वर्ष हर्षदही आहे. १५ ने भागले की १२७ येतात. ६१७४ पर्यंतचा त्याचा प्रवास मात्र लांबचा आहे. पहिली वजाबाकी ९५१० मधून ०१५९, उत्तर ९३५१. पुढच्या पायऱ्या येथे देत नाही. सगळे बरोबर केले तर सातव्या वजाबाकीला ६१७४ मिळतील; त्याआधीच मिळाले तर एखादा हातचा पुन्हा तपासावा.